समकक्ष

पडद्यावर उत्तर उमटलं तेव्हा जनेल श्रागला हसू आलं नव्हतं. पण वर्ग हसला म्हणून तीही हसली. वर्ग म्हणजे विचिटाच्या हवाई तळावरची एक बिनखिडकीची खोली, आणि विद्यार्थी म्हणजे गणवेश उतरवायला निघालेली माणसं. लाउडरबॅकबाई पूर्वी स्वतः फौजेत कोठार सांभाळायच्या, आता बाहेर पडणाऱ्यांना बाहेरच्या जगाची तोंडओळख करून द्यायच्या. त्या एकेकाला पुढे बोलावत होत्या. आपल्या फौजी कामाचा क्रमांक टाकायचा, कळ दाबायची, की नागरी जगातलं समकक्ष काम पडद्यावर हजर. टॉवरमध्ये बसून विमानं उतरवणाऱ्या पोराला पडद्याने शहरच्या विमानतळावरचा तसाच टॉवर दाखवला. इंजिनं उघडणाऱ्या दोघांना तर कारखान्यांची अशी रांग दाखवली की ते एकमेकांना कोपराने ढोसत बसले. विचिटात विमानं बनतात, इथे हातात पाना धरता येणारा माणूस उपाशी मरत नाही. पॅराशूट शिवणाऱ्या बाईला सोफे शिवायला सांगितलं आणि तिला ते पटलं. मग जनेल उठली. पडद्यावर एक वर्तुळ बराच वेळ फिरत राहिलं, जणू आतलं कोणीतरी दुसऱ्या कोणाला विचारायला गेलं होतं, आणि मग एक ओळ आली : पेट्रोल पंपावरील कर्मचारी.

"लागली वाट!" मागून एक जण म्हणाला. "ए श्राग, माझ्या गाडीची काच पण पुसशील ना?"

"टिप देणार असलास तर पुसेन."

"आणि टायरमधली हवा?"

"ती तू बोलून बोलून भर."

लाउडरबॅकबाईंचा चेहरा पडला होता. "मशीन आहे हो ते, सार्जंट," त्या म्हणाल्या. "त्याला काय कळतंय? तुम्ही उडत्या विमानातून उडत्या विमानात तेल भरता, हे त्याला कोणी सांगितलंच नसणार. आपण क्रेनचं बघू. तिथेही लांब दांडा, इथेही लांब दांडा. नाजूक हात लागतो."

"बघा," जनेल म्हणाली. जागेवर येऊन बसली. बाजूच्या मुलाने विमानांना बॉम्ब लावण्याचा क्रमांक टाकला, त्याला गोदाम मिळालं, पुन्हा एकदा हशा झाला, आणि ह्या वेळी जनेल इतरांच्या बरोबर, वेळेवर हसली.

गाडीत येऊन बसल्यावर तिने किल्ली लावली नाही. फेब्रुवारीतला कॅन्ससचा वारा गाडीला बाजूने धक्के देत होता. अपमान झाला असं काही तिला वाटत नव्हतं. दंतवैद्याने हिरडीत इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा लागतो, तसं काहीतरी होतं. पण ते आजचं नव्हतं, बरंच जुनं होतं. आज फक्त त्या गालावर कोणीतरी टिचकी मारली होती. आणि ती टिचकी ओळखीची होती, कारण ते शब्द मशीनचे नव्हते. ते तिच्या बापाचे होते. तिच्या गावी, माउंडरिजच्या चर्चबाहेर कोणी विचारलं, "एल्डन, तुझी थोरली काय करते सध्या?" की एल्डन श्राग वीस वर्षं एकच उत्तर देत आला होता : "विमानांत तेल भरते." त्यात खोटं काहीच नव्हतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लहानशा विमानतळावर पाइप घेऊन उभी असलेली, हात काळे झालेली मुलगी यायची, आणि तो म्हणायचा, "छान, छान. कष्टाचं काम." मग दोघं गव्हाबद्दल बोलायचे.

खरं काम असं होतं की शेपटाखालच्या एका खळग्यात पालथं झोपायचं. हनुवटी एका गादीवर टेकवायची. समोर खिडकी, आणि खिडकीत जग. पण ते कायम मागे मागे जाणारं. नद्या, डोंगर, वाळवंटं, शहरांचे दिवे, सगळं तिच्यापासून दूर सरकत गेलेलं. आपण कुठे चाललोय हे तिने वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. कुठून निघालो तेवढं तिला नेहमी दिसायचं. मग खालून, त्या दूर सरकणाऱ्या जगातून एक ठिपका उलटा यायला लागायचा, तिच्याकडे. ठिपक्याला पंख फुटायचे. पाण्यातून वर येणाऱ्या माशासारखं ते विमान खिडकीखाली येऊन थांबायचं, आणि तिच्या दोन हातांतल्या दोन मुठी तो लांब पोकळ दांडा हळूहळू खाली सोडायच्या, त्याच्या पाठीवरच्या मुठीएवढ्या भोकात. तो बसला की एक ठोका हातात यायचा. त्या क्षणी दोन विमानं, ढगांच्या वर, एका हाडाने जोडलेली असायची. आणि पलीकडच्या काचेत, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, एक चेहरा वर पाहत असायचा. मास्क, काळी काच. कधी काच वर केलेली असली तर डोळे. सुरुवातीला तिला ते डोळे बघायला आवडायचं. तेलाच्या आशेने वर बघणारा माणूस, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, चोचीत दाणा मागणाऱ्या पिलासारखा दिसतो. पुढे पुढे ती फक्त भोक बघायला लागली. भोक चेहऱ्याच्या मागे, जरा वर असतं. नजरेला तीच सवय लागली. दुकानात गल्ल्यावरच्या बाईशी बोलताना, दंतवैद्याशी बोलताना तिची नजर समोरच्याच्या डोक्यावरून मागे जायची. तिच्यासोबत दोन हिवाळे राहिलेला एक शाळामास्तर जाताना म्हणाला होता, "तू भांडली असतीस तरी चाललं असतं, जनेल. तू माझ्या मागे कोणाकडे तरी बघत असतेस, आणि मी वळून पाहिलं तर तिथे कोणी नसतं." त्याचं बरोबर होतं. तिने त्याची पेटी गाडीत ठेवायला मदत केली, आणि तो गेल्यावर जेवण गरम करून जेवली.

निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप येते का, स्वप्नं पडतात का, दचकायला होतं का. झोप येत होती. स्वप्नं पडत नव्हती. दचकत ती कधीच नव्हती. "उत्तम," डॉक्टर म्हणाले होते.

किसलिंगने जेवायला बोलावलं होतं. लेफ्टनंट कर्नल वॉरन किसलिंग. अनेक वर्षं तो पुढे बसून विमान चालवत होता आणि ती मागे पालथी झोपून तेल देत होती, आणि दोघांमध्ये लांबलचक विमानभर अंधार आणि कानातला एक आवाज एवढंच होतं. त्याचं सगळं आधीच ठरलं होतं. पुढच्या महिन्यात तो प्रवासी विमान चालवणार होता. कोबी आणि खिमा भरलेला पाव समोर आला तेव्हा तो मोबाइलवर नव्या गणवेशातला स्वतःचा फोटो दाखवत होता.

"टोपी मोठी झाली, सर."

"डोकं वाढेल. पगार बघितलास तर तुझंही वाढेल." त्याने पाव तोडला. "मला काहीच बदलायचं नाहीये गं, हीच तर गंमत आहे. तेच आकाश, तीच बटणं. मागे तेल होतं, आता माणसं असतील. मागे काय आहे ह्याच्याशी माझं तेव्हाही देणंघेणं नव्हतं."

"मागे मी होते."

"तेच म्हणतोय."

दोघं हसले. मग तो जरा ओशाळला, आणि ओशाळला की करायचा तसं तिचं भलं करायला लागला. भाड्याने हवेत तेल भरून देणारी एक खासगी कंपनी आहे, पण तिथली जागा माणूस मेल्याशिवाय रिकामी होत नाही. तळावरच नव्या विमानांच्या शाळेत शिकवायचं बघ की. नव्या विमानात ते पालथं झोपणं वगैरे नाही. पुढे खुर्चीत बसायचं, चष्मा लावायचा आणि पडद्यावर बघत दांडा चालवायचा. "खिडकीच काढून टाकली. माणूस दिसतच नाही, फक्त विमान. तुमच्यासारख्यांना बरंच झालं." तेही नको असेल तर त्याच्या कंपनीत हवाईसुंदरीची भरती चालू होती. "हसू नकोस. चाळिशीतल्या बायका घेतात हल्ली. विमानात राहशील. तुला विमानाशिवाय कसं जमणार?"

"जमेल," जनेल म्हणाली. जमणार नाही असं तिला वाटत नव्हतं. कशाशिवायही जमेल असंच वाटत होतं, आणि भीती वाटायची असती तर ह्याचीच वाटली असती.

कॉफी आली. किसलिंग चमचा फिरवत राहिला. "एक विचारू? तू एकदा माझ्याशी खोटं बोलली होतीस. वाळवंटावर होतो आपण, संध्याकाळ व्हायला आली होती. खाली एकच विमान. त्याचं तेल घेऊन झालं होतं, आणि तू काही केल्या त्याला सोडेनास. मी विचारलं, मागे काय चाललंय? तू म्हणालीस, हवा खराब आहे, सर, दांडा हलतोय."

"असेल."

"माझ्यापुढे कपात कॉफी होती, जनेल. तिच्यावर लाट नव्हती."

"मागे हलत होतं, सर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "हलत असेल." त्याने आग्रहाने तिचंही बिल भरलं आणि दारात तिला मिठी मारली. इतकी वर्षं एकाच विमानात असून ते पहिल्यांदाच इतके जवळ आले होते. त्याच्या कोटाला नव्या कापडाचा वास होता.

क्रेनचं काम तिला मिळालं. लाउडरबॅकबाईंनीच फोन केला होता. शहराच्या दक्षिणेला एका कारखान्यात विमानांची धडं बनायची, आणि छताखालून सरकणाऱ्या क्रेनने ती एका सांगाड्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायची. तिथल्या मुकादमाने तिला वर चढवलं, खाली पाहिलं तर माणसांचे टोप तेवढे दिसत होते, चेहरे नाहीत. तिने एक धड उचललं आणि ठेवलं. मुकादम म्हणाला, "ठीक. एक तारखेपासून या." तिने कोणालाही फोन केला नाही. रस्त्यात लाल दिव्याला थांबली असताना शेजारच्या गाडीतलं एक बाळ काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होतं. दिवा हिरवा झाला, गाडी मागे पडली. आपल्याला आनंद झाला आहे का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं, जसं बंद पडलेल्या घड्याळाला आपण उगीच कानाशी नेतो.

शनिवारी ती माउंडरिजला गेली. विचिटाहून उत्तरेला गाडी काढली की शहर पटकन संपतं आणि मग गव्हाचं कोवळं, थंडीने दबलेलं हिरवं दोन्ही बाजूंना. आई गेल्यापासून एल्डन एकटाच राहायचा, घरामागच्या शेडमध्ये कपाटं बनवायचा. लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांत असायचा. तो विशीत असताना व्हिएतनामसाठी बोलावणं आलं, तेव्हा त्याने युद्ध पाप मानणाऱ्या आपल्या पंथाच्या लोकांच्या शतकानुशतकांच्या रिवाजाप्रमाणे बंदूक धरायला नकार दिला, आणि बदल्यात सरकारने त्याला वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं नोकरीला लावलं. त्याबद्दल तो बोलायचा नाही. जनेल विशीत आली आणि हवाई दलात भरती होऊन आली, तेव्हा ती इथेच, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून म्हणाली होती, "मी बंदूक धरणार नाहीये, पापा. तेल देण्याचं काम आहे." तिला वाटलं होतं भांडण होईल. भांडणाची तिने पुरी तयारी केली होती. एल्डन म्हणाला होता, "बरं." आणि शेडमध्ये जाऊन तिच्या सामानासाठी एक पेटी करायला घेतली होती. पेटी सुंदर झाली. त्यानंतर त्याने तिला कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सुट्टीला आली की तो विचारायचा, जेवण बरं असतं का तिकडचं, थंडी असते का. त्यांच्या लोकांत कोणाला वाळीत टाकायचे दिवस कधीच सरले होते. पण न विचारणं ही एक फार मऊ, फार टिकाऊ भिंत असते, आणि तो सुतार होता.

जेवताना तिने त्याला मशीनची गोष्ट सांगितली, गमतीची म्हणून. पनीर भरलेले मोदकासारखे वेरेनिके आणि वरून डुकराच्या मांसाची दाट पांढरी कढी. आईसारखी झाली नव्हती. एल्डन चावायचा थांबला.

"पेट्रोल पंप म्हणालं?"

"हो."

"म्हणजे माझेच शब्द."

"जवळजवळ."

"मी खोटं बोलत नव्हतो."

"मशीनपण खोटं बोललं नाही, पापा. वाढू अजून?"

त्याने ताटली पुढे केली. झोपायला जाताना जिन्याच्या तळाशी थांबून म्हणाला, "उद्या येशील चर्चला?" ती हो म्हणाली. नाही म्हणायलाही कारण लागतं.

चर्च तसंच होतं. पिवळ्या लाकडाची बाकं, बिनचित्रांच्या खिडक्या. प्रवचनानंतर तिथे एक वेळ असते, ज्याला जे सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगायचं, आणि मग सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कोणाचा गुडघा बदलायचा होता. कोणाच्या नातवाला शिष्यवृत्ती मिळाली होती. एका बाईची बहीण तिकडे ओरेगनमध्ये शेवटच्या दिवसांत होती. जनेल समोरच्या बाकाच्या पाठीवरची लाकडाची रेघ बघत होती. अशा वेळी एल्डन कधी उठत नाही हे तिला ठाऊक होतं. आई आजारी होती तेव्हाही शेजारच्यांनी उठून सांगितलं होतं. म्हणून शेजारी बाक करकरलं तेव्हा तिला वाटलं तो खोकायला बाहेर जातोय.

"माझी मुलगी जनेल," एल्डन म्हणाला. आवाज भुशातून आल्यासारखा होता. घसा साफ करून त्याने पुन्हा सुरुवात केली. "माझी मुलगी जनेल युद्धातून परत आलीय. वीस वर्षं होती. तिच्यासाठी प्रार्थना करा." आणि तो खाली बसला.

कोणी वळून पाहिलं नाही, इतके ते सभ्य होते. पण सगळ्यांनी माना मुद्दाम आवरून धरल्या आहेत हे तिला पाठमोऱ्या मानांवरूनही दिसत होतं. पाळकबाईंनी तिचं नाव गुडघ्याच्या आणि ओरेगनच्या बहिणीच्या शेजारी नेऊन ठेवलं आणि प्रार्थना केली. मग वाद्याशिवायचं गाणं सुरू झालं, चार सुरांचं. लहानपणी ह्यातला एक सूर तिचा होता. आता तिचं तोंड उघडलं नाही. पोटात काहीतरी तापत होतं. ते काय आहे हे ओळखायला तिला गाण्याची दोन कडवी लागली, कारण फार दिवसांत ते आलं नव्हतं. राग होता.

गाडीचं दार तिने आपटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"कोणी नाही."

"युद्ध! मी एक गोळी झाडलेली नाही, पापा. आयुष्यात एक नाही."

"ठाऊक आहे."

"मग कशाला? सगळ्या गावासमोर मला उभं केलंत. वीस वर्षं एक शब्द नाही विचारलात. पेटी करून दिलीत, पेटी! आणि आज एकदम—"

"गाडी बाजूला घे, जनेल. तुझे हात हलतायत."

हात हलत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ह्या हातांनी हलणं हे तिला इतकं नवीन होतं की तिने खरोखरच गाडी एका शेताच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे ठेवले.

एल्डन समोर गव्हाकडे बघत म्हणाला, "तेल भरते, तेल भरते, म्हणत राहिलो. मला वाटायचं तुला झाकतोय. काल तू मशीनचं सांगितलंस, आणि मला कळलं की मी स्वतःला झाकत होतो. त्यांनी विचारू नये म्हणून. मग मलाही विचारायला नको." मग तो म्हणाला, "चुकलं असेल माझं आजचंही. पण तू तिथे होतीस, पोरी. कुठेतरी होतीस ना? पंपावर नव्हतीस."

घरी येऊन तिने कालचंच गरम केलं. दोघं समोरासमोर बसले. त्याने डोळे मिटून पुटपुटून जेवणाचे आभार मानले, आणि डोळे उघडून म्हणाला, "सांग."

"काय सांगू?"

"जे असेल ते. मला विमानातलं काही कळत नाही. तू सांग."

काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती उंचावरच्या हवेबद्दल सांगायला लागली, पालथं झोपण्याबद्दल, मानेच्या दुखण्याबद्दल. आणि आपण ज्या दिवसाबद्दल सांगतोय तो कुठला दिवस आहे हे तिचं तिलाच बोलता बोलता कळलं. दुपारी एका वैमानिकाला तेल दिलं होतं. एकटाच होता, तरुण असावा, आवाजावरून. पंखांखाली बॉम्ब लावलेले होते. मग तो गेला, आणि ते वाळवंटावर गोल गोल फिरत राहिले, तो परत येईपर्यंत थांबायचं होतं. ऊन तिरपं झाल्यावर परत आला. पंखांखाली काही नव्हतं. दांडा बसला, तेल सुरू झालं, आणि त्याने काच वर केली, मास्क काढला. "रडत होता, पापा. तोंड उघडं ठेवून. लहान मूल कसं रडतं, आवाज फुटायच्या आधी? तसं. आणि विमान तसूभर हलत नव्हतं. हात आपलं काम करत होते, तोंड आपलं. मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला दिसत होतं. तो माझ्याकडेच बघत होता."

"मग?"

"नियम असा की असं काही दिसलं तर लगेच सोडवायचं, दूर व्हायला सांगायचं. जरा चुकला तर सगळेच जातात. मी नाही सांगितलं. त्याचं तेल घेऊन झालं. बंद केलं मी. नळीत काहीच नव्हतं, नुसता दांडा जोडलेला. मी धरून ठेवला. त्यानेही सोडला नाही. पुढून विचारलं, काय चाललंय, तर मी म्हटलं हवा खराब आहे. मग हळूहळू त्याचं तोंड मिटलं. मास्क लावला. म्हणाला, थँक्यू मॅडम. आणि खाली गेला."

ताटल्यांत कढीवर साय धरली होती. एल्डनने विचारलं, "त्यानं काय केलं होतं?"

"माहीत नाही. विचारायचं नसतं."

"जाताना तेल तूच दिलं होतंस त्याला."

"हो."

ह्यावर तो काहीतरी बोलेल, म्हणजे देवाचं, किंवा तुझा काय दोष असं काहीतरी, आणि बोलला तर आपण उठून विचिटाला निघून जाऊ, असं तिने ठरवलं होतं. तो बोलला नाही. त्याचा मोठा, चिरा पडलेला पंजा टेबलावर तिच्या हाताच्या शेजारी होता, हातावर नाही. भिंतीच्या पलीकडे फ्रीज सुरू झाला आणि बंद झाला.

"त्यानंतर मी चेहरे बघायचं सोडलं," ती म्हणाली. "नुसतं भोक बघायचं. सोपं पडतं."

"हं."

"सगळ्यांचेच."

"ते दिसतं," एल्डन म्हणाला. मग खूप वेळाने, "पुढच्या रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना मागतो. नाव नसलं तरी चालतं."

"तुम्ही नको, पापा."

"बरं."

"तुम्ही नको. मी मागेन."

त्याने मान हलवली, आणि ताटल्या उचलून पुन्हा गरम करायला ठेवल्या.

आठवडाभर ती विचिटात होती. तळावर ओळखपत्र परत केलं. लाउडरबॅकबाईंनी केक आणला होता, त्यावर कोणीतरी साखरेचा पेट्रोल पंप काढला होता. तिने त्याचा नळ तोडून खाल्ला आणि सगळे हसले. रविवारी पहाटे तिने दोनदा ठरवलं की जायचं नाही. मग गेली. गाणी झाली, प्रवचन झालं. गुडघा बरा होता. ओरेगनची बहीण गेली होती. पाळकबाईंनी विचारलं, अजून कोणी? आणि जनेल श्राग उभी राहिली.

उभी राहिली, आणि तिच्याजवळ काहीच नव्हतं. शब्द नव्हते, नाव नव्हतं, कुठल्या देशावरचं आकाश होतं तेही सांगायची परवानगी नव्हती. एल्डन खाली मान घालून बसला होता. तो मदतीला उठला नाही. बाकांवरचे लोक आता वळले होते, एकेक करून, आणि तिच्याकडे बघत होते. म्हातारे, पोरं, शाळेत तिच्या बाजूला बसणारी, आता जाड झालेली एक मैत्रीण. ती त्यांच्या डोक्यांवरून मागच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होती. ती माणसं गप्प बसण्यात मुरलेली होती. कोणी खोकलं नाही, कोणाला घाई नव्हती. सगळी वाट बघत होती. जनेलने नजर खाली आणली, पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ठेवली, आणि तिथून ती हलू दिली नाही.

"एक माणूस होता," ती म्हणाली.